भजन मंडळाचं गाणं स्टुडिओत रेकॉर्ड करायचंय? मग आधी हे वाचा

गणपती जवळ आले की आमच्या सिंधुदुर्गात काय आणि तिकडे रत्नागिरीत काय, प्रत्येक मंडळाला एक गाणं काढायचं असतं आणि ते सगळ्यांना श्रावणातच आठवतं. तेव्हा स्टुडिओ भरलेले, बाहेर पाऊस कोसळतोय, लाईटचा भरवसा नाही, पखवाजाचं कातडं ओल धरून बसलेलं आणि बुवांचा घसा सर्दीने गेलेला. म्हणून पहिला सल्ला, जो कोणीच ऐकत नाही, तो म्हणजे रेकॉर्डिंग एप्रिल-मेमध्ये उरका. मे महिन्यात चाकरमानी गावाला आलेले असतात त्यामुळे कोरस पुरा मिळतो, दमट हवा तेव्हाही असतेच पण निदान पत्र्यावर पाऊस तरी वाजत नाही. गाणं तयार करून ठेवा आणि रिलीज भाद्रपदात करा, कोण अडवतंय.

हे सगळं लिहितोय ते संगीत भजनवाल्यांसाठी, म्हणजे बुवा स्वतः पेटी वाजवत गातायत, बाजूला पखवाज, मागे झांज आणि कोरस. दशावताराचं संगीत किंवा जाखडीची, म्हणजे बाल्या नाचाची, गाणी करायची असतील तरी यातलं बरंच कामाला येईल, फक्त जाखडीत ढोलकी आणि घुंगरं येतात, त्यांचं गणित वेगळं.

आता मुद्द्याचं. स्टुडिओत गेल्या गेल्या रेकॉर्डिस्ट विचारतो, टेम्पो किती ठेवू? आणि कानात टिक टिक क्लिक सोडतो. मग त्या क्लिकवर आधी पखवाज एकटा, मग पेटी एकटी, मग बुवा, मग कोरस, असं एकेक थर चढवत जायचं. कीबोर्ड, ड्रम मशीन घालून केलेल्या गाण्याला ही पद्धत बरोबरच आहे. पण भजनाचं तसं नाही ना. अभंग ठाय, म्हणजे संथ, लयीत सुरू होतो, बुवा एखाद्या ओळीवर रमतात, मग मान हलवून पखवाजवाल्याकडे बघतात आणि लय उचलतात, गजर तर चढतच जातो. हे सगळं एका आकड्यात बसवलं की गाणं तालात असतं, सुरात असतं, आणि तरी दुसऱ्यांदा लावावंसं वाटत नाही. त्यामुळे माझं स्पष्ट मत, बुवा, पेटी आणि पखवाज एकत्र, एकाच वेळी, एकमेकांना बघत रेकॉर्ड करा, क्लिकशिवाय. झांज आणि कोरस नंतर वरून घ्या. रेकॉर्डिस्ट कुरकुर करेल कारण एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकात जातो, पण त्यावर उपाय आहेत, पुढे सांगतो.

तसं बघायला गेलं तर हीच जुनी पद्धत. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्गने कोलकात्यात गौहर जान यांचं रेकॉर्डिंग केलं तेव्हा माईकच नव्हते, सगळ्यांनी एका भोंग्यासमोर बसून गायचं-वाजवायचं, ज्याचा आवाज मोठा त्याला मागे सरकवायचं आणि मिक्सिंग जे काय व्हायचं ते तिथेच. विजेवर चालणारं माईकचं रेकॉर्डिंग आलं १९२५ च्या सुमाराला. सरकवासरकवीचा तो नियम आजही तितकाच चालतो, पन्नास प्लगइन, म्हणजे आवाज सुधारायची सॉफ्टवेअरं, लावण्यापेक्षा झांजवाल्याला चार फूट मागे बसवणं कधीही स्वस्त.

स्टुडिओत जायच्या आधी

पट्टी ठरवा, आणि ती घरच्या रियाजात नाही, गजर संपेपर्यंत गाऊन ठरवा. काळी एकमध्ये अभंग मस्त जातो म्हणून तीच धरली आणि गजरात वरच्या सुरावर बुवा ओरडायला लागले तर माईकवर ते लगेच कळतं. मंडपात लाऊडस्पीकर आणि गर्दीत जे खपून जातं ते हेडफोनात खपत नाही.

मग पेटी तपासा. फोनवर फुकटचं ट्युनर ॲप घ्या, पेटीचा काळी पाचच्या आधीचा सूर, म्हणजे पांढरी सहा, धरून ठेवा आणि आकडा बघा. मधल्या सप्तकातली पांढरी सहा ४४० हर्ट्झला असते असं आजचं सगळं इलेक्ट्रॉनिक सामान धरून चालतं, पण आपल्या जुन्या पेट्या ४४३ ला असतात, ४४५ ला असतात, काही तर सुरासुराला वेगळ्या. पेटी स्टुडिओत बसून सुरात लावता येत नाही. त्यामुळे नंतर गाण्यात इलेक्ट्रॉनिक तानपुरा, बासरी, सिंथ घालायचा विचार असेल तर पेटीचा आकडा रेकॉर्डिस्टला आधीच सांगा आणि त्याला बाकीची वाद्यं त्या आकड्यावर आणायला लावा. सॉफ्टवेअरमध्ये ते दोन मिनिटांचं काम आहे. नाही केलं तर गाणं पूर्ण झाल्यावर काहीतरी खुपत राहतं आणि कुठे खुपतंय ते कोणालाच सापडत नाही, मग बुवांना म्हणतात तुम्ही बेसूर झालात.

पेटीची करकरसुद्धा आधी बघून घ्या. भात्याला भोक असेल, एखादी पट्टी खट्ट वाजत असेल, स्टॉपर सैल असेल तर दुरुस्त करून आणा. स्टुडिओचा माईक ते सगळं गाण्यापेक्षा स्पष्ट ऐकवतो.

पखवाजाचं म्हणाल तर बाहेरच्या दमट हवेतून एसीच्या खोलीत आणला की कातडं सुकत जातं आणि सूर वर चढतो. गाणं सुरू करताना षड्जाला लावलेला पखवाज तिसऱ्या टेकपर्यंत, म्हणजे तिसऱ्यांदा रेकॉर्ड करेपर्यंत, वरच गेलेला असतो, आणि मग पहिल्या टेकचा अभंग नि तिसऱ्या टेकचा गजर जोडायला गेलं की झाली पंचाईत. म्हणून पखवाज तासभर आधी आणून त्याच खोलीत, एसी चालू ठेवून, तसाच ठेवून द्या आणि मग लावा. प्रत्येक टेकच्या आधी पेटीचा सा धरून परत तपासा. बायांला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, कणीक लावत असाल तर ती एसीत लवकर सुकते, जास्तीची भिजवून ओल्या फडक्यात ठेवा.

अजून एक, गाण्याचे शब्द मोठ्या अक्षरात छापून आणा, प्रत्येकाला वेगळा कागद, आणि तो हातात न धरता स्टँडवर ठेवा. कागदाची सळसळ काढून टाकता येत नाही.

खोली

तालुक्याच्या ठिकाणी आता बरे स्टुडिओ झालेत, कुडाळ-कणकवली-सावंतवाडी, तिकडे चिपळूण-रत्नागिरी. बुक करण्याआधी एकदा जाऊन या आणि फक्त तीन गोष्टी बघा. एक, वर स्लॅब आहे की पत्रा. दोन, तुमची तीन माणसं मांडी घालून आरामात बसतील एवढी जागा आहे का, कारण पुष्कळ स्टुडिओत एका माणसाने उभं राहून गायची कपाटाएवढी खोली असते आणि ती आपल्या कामाची नाही. तीन, लाईट गेली तर काय. इन्व्हर्टर असेल तरी विचारा की कॉम्प्युटर यूपीएसवर आहे का, कारण लाईट जाऊन इन्व्हर्टर चालू व्हायच्या त्या क्षणात मशीन बंद पडलं तर चालू टेक गेला.

स्टुडिओ परवडत नसेल तर घरीही होतं. चिऱ्याच्या भिंतीचं घर असेल तर आतली, बाहेरच्या भिंती नसलेली खोली निवडा, गाद्या उभ्या करा, दोरीवर गोधड्या टाका, खाली जाजम. कौलारू घरात वरून सगळं आत येतं, कावळे, नारळ सोलल्याचा आवाज, संध्याकाळनंतर रातकिडे आणि पावसात बेडूक, त्यामुळे माळा असलेली खोली असेल तर तीच घ्या. वेळ दुपारी जेवणानंतरची, गाव झोपलेला असतो. फ्रिज आणि पंखा बंद. लॅपटॉपवर करत असाल आणि सतत घूं असा आवाज येत असेल तर आधी चार्जर काढून बघा, बरेचदा अर्थिंगचा घोळ असतो आणि बॅटरीवर तो गायब होतो.

देवळाच्या सभामंडपात करूया असं कोणीतरी सुचवतंच. आवाज तिथे छान घुमतो, मान्य, पण तो घुमणं नंतर काढता येत नाही, आणि शब्द कळले नाहीत तर अभंग कसला. त्यापेक्षा कोरड्या खोलीत घ्या आणि घुमारा मिक्सिंगला घाला.

माईक कुठे लावायचे

बुवा गातात आणि वाजवतात एकाच वेळी, त्यामुळे गाण्याचा माईक आणि पेटीचा माईक हे एकमेकांच्या घरात जाणारच. इथे माईकची पाठ कामाला येते. साधा कार्डिऑइड माईक समोरून ऐकतो आणि बरोबर पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो. मग गाण्याचा माईक बुवांच्या तोंडापेक्षा थोडा खाली, वर तोंड करून लावा, म्हणजे त्याची पाठ आपोआप पेटीकडे होते. पेटीचा माईक वरून एक-दीड फुटावर, खाली तोंड करून. भात्याच्या बाजूने लावू नका, फसफस ऐकू येते. पेटीखाली घडी घातलेलं घोंगडं ठेवा, नाहीतर लादीतून ठोके येतात.

गाण्याला कुठला माईक? स्टुडिओवाले महागातला कंडेन्सर, म्हणजे बारीकसारीक सगळं टिपणारा नाजूक माईक, पुढे करतील. बुवा एकटे गात असतील तर तो उत्तमच, ६ ते ८ इंचावर, मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे तोंडाची फुंकर अडवणारी जाळी. पण पेटी आणि पखवाज त्याच खोलीत असताना मी तरी आधी साधा डायनॅमिक, शुअर एसएम ५८ सारखा, जवळून लावून बघेन. तो लांबचं कमी पकडतो. शिवाय आपल्या किनाऱ्यावरच्या ओल्या हवेत कंडेन्सरला दमटपणा लागला की मधेच चटचट करायला लागतो. घरी ठेवत असाल तर हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, आणि जेलच्या पुड्या अधूनमधून बदला किंवा गरम करून वाळवा.

पखवाजाला दोन माईक, एक दायांच्या शाईकडे बघणारा, एक बायांकडे, दोन्ही साधारण ६ ते ८ इंचावर. दोन लावल्यावर हे नक्की करा, दोन्ही ट्रॅक मोनोत, म्हणजे एकात मिसळून, ऐका आणि एका ट्रॅकचं फेज बटण, म्हणजे आवाजाची लहर उलटी करणारं, दाबून बघा. ज्या बाजूला बायांचा घुमारा भरीव लागतो ती बाजू ठेवा. हे न करता नंतर बास वाढवत बसणारे लोक पाहिलेत, वाढवून वाढवून थकतात आणि घुमारा काही येत नाही.

पखवाज बुवांपासून सहा-आठ फुटांवर, आणि मध्ये एक गादी आडवी उभी करा. गादीची उंची एवढीच की बसल्यावर दोघांना एकमेकांचे डोळे दिसले पाहिजेत. माईक ज्या वाद्याला लावलाय त्यापासून जेवढा लांब, त्याच्या निदान तिप्पट अंतरावर दुसरा माईक, हा ढोबळ नियम लक्षात ठेवला तरी पुष्कळ घाण वाचते.

लेव्हल आणि हेडफोन

सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. व्हिडिओ यूट्यूबवर जाणार असतो आणि व्हिडिओचा आवाज ४८ लाच असतो, मग उगाच मधे बदलाबदली कशाला. लेव्हल लावताना माईकवर चेक चेक म्हणू नका, बुवांना सरळ गजराचा सगळ्यात चढलेला भाग गायला सांगा आणि तेव्हा मीटर उणे १० डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. अभंग तेव्हा बारीक दिसेल, दिसू दे, २४ बिटमध्ये तो नंतर सहज वर येतो, पण लाल झालेला गजर मात्र परत येत नाही.

हेडफोन हा भजनी बुवांचा सगळ्यात मोठा त्रास. आयुष्यभर इको लावलेल्या माईकवर गायलेला माणूस, त्याला अचानक कोरडा आवाज कानात दिला की तो म्हणणारच, "रे, माझो आवाज खंय गेलो?" आणि मग ताण देऊन गातो. त्यामुळे बुवांच्या हेडफोनात थोडा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, सोडा, फक्त ऐकण्यापुरता, रेकॉर्ड कोरडंच होऊ द्या. एक कान उघडा ठेवू द्या. आणि आवाज उशिरा ऐकू येत असेल तर रेकॉर्डिस्टला बफर, म्हणजे कॉम्प्युटर आवाज जेवढा साठवून मग पुढे सोडतो तो आकडा, १२८ किंवा त्याहून खाली आणायला सांगा नाहीतर इंटरफेसचं, म्हणजे माईक कॉम्प्युटरला जोडायच्या डब्याचं, डायरेक्ट मॉनिटरिंग वापरा, त्यात आवाज कॉम्प्युटरात न फिरता थेट कानात येतो, मिक्सिंगला बफर परत वाढवला की झालं. हेडफोनशिवायच बरं वाटत असेल तर तसंच गाऊ द्या, एका खोलीत तर बसलायत.

टेक

पूर्ण गाणं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, तीन-चार वेळा घ्या. पहिला टेक घसा मोकळा करायचा म्हणून सोडून देऊ नका, रेकॉर्ड बटण आधीपासून दाबून ठेवा, बरेचदा बुवांची सगळ्यात मोकळी जागा तिथेच निघते. मधे कोणी चुकलं तरी थांबायचं नाही, पुढे जायचं.

क्लिक नसल्यामुळे प्रत्येक टेकची लय थोडी वेगळी असते, म्हणून एका टेकची ओळ उचलून दुसऱ्यात डकवणं जमेलच असं नाही. भाग करून निवडा, अभंग या टेकचा, गजर त्या टेकचा, आणि जोड समेवर किंवा तिहाई संपल्यावर द्या. एखादाच शब्द चुकला असेल तर दोन आवर्तनं आधीपासून सगळ्यांनी मिळून वाजवत यायचं आणि चुकलेल्या जागेच्या पुढेपर्यंत जायचं. नुसता तो शब्द एकट्याने गाऊन बसवला की कळतोच, आवाजाचा जोर वेगळा लागतो.

आता झांज. दोन झांजा स्टुडिओत सगळ्यांबरोबर वाजवल्या तर बाकी सगळं त्याखाली गाडलं जातं, म्हणून त्या शेवटी, तयार गाण्यावर, एकच जोडी, माईकपासून चार-पाच फूट लांब. लय चढत जाते त्यामुळे झांजवाला तोच हवा जो मंडळात नेहमी वाजवतो, बाहेरचा आणलात तर गजरात मागे राहील.

कोरसला पाच-सहा जण पुरे. एका माईकभोवती अर्धगोल, ज्याचा आवाज मोठा तो एक पाऊल मागे. दोनदा घ्या, दुसऱ्या वेळी जागा अदलाबदल करून, मग मिक्सिंगला एक डावीकडे एक उजवीकडे टाकला की पंधरा जण गातायत असं वाटतं. एक खबरदारी घ्या, "विठ्ठल"सारख्या शब्दाचा शेवट आणि स, श ची अक्षरं सगळ्यांनी एकत्र संपवायला हवीत, नाहीतर सप सप सप असा माग राहतो. सोपा उपाय म्हणजे शेवटचा स एकानेच म्हणायचा, बाकीच्यांनी तोंडातल्या तोंडात.

मिक्सिंगला बसताना

रेकॉर्डिस्टच्या कामात फार ढवळाढवळ करू नका पण काही गोष्टी मागून घ्या. गाण्याच्या ट्रॅकला ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाका. पेटी आणि गळा एकाच पट्ट्यात भांडतात, तेव्हा पेटीचा २ ते ३ किलोहर्ट्झचा भाग दोन-तीन डेसिबल खाली घेतला की शब्द पुढे येतात, बुवांचा आवाज वाढवायची गरजच राहत नाही. कंप्रेसर, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणारं साधन, हलका, आणि त्याआधी हाताने व्हॉल्यूम वरखाली करून अभंग आणि गजर यातलं अंतर थोडं कमी करून घ्या. थोडंच बरं का, गजर चढला हे ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे. रिव्हर्ब दीड-दोन सेकंदांचा, आणि त्याला ३०-४० मिलिसेकंद प्रीडिले, म्हणजे शब्द आधी येतो आणि घुमारा मागून.

ऑटोट्यून, म्हणजे सूर आपोआप जागेवर ओढणारं सॉफ्टवेअर, नको. पेटी ४४३ ला आणि ऑटोट्यून ४४० ला ओढतंय, वर मींडेचे तुकडे करून पायऱ्या करतंय, कशाला तो उद्योग. एखादा सूर खरंच उतरला असेल तर तेवढाच हाताने दुरुस्त करता येतो.

झालेलं मिक्स मोठ्या स्पीकरवर ऐकून खूश होऊ नका. आपलं गाणं फोनवर ऐकलं जाणार आहे. फोनच्या स्पीकरला बायांचा खालचा घुमारा ऐकवताच येत नाही, तिथे नुसती दायांची टकटक उरते. बायांच्या ट्रॅकवर थोडं सॅच्युरेशन लावलं की त्या घुमाऱ्याच्या वरच्या लहरी तयार होतात आणि फोनवरही बायां असल्याचं कळतं. मग गाडीत ऐका, ब्लूटूथच्या डब्यावर ऐका, मोनोत ऐका.

लाऊडनेसचं वेड सोडा. यूट्यूब आणि स्पॉटिफाय गाणं साधारण उणे १४ लफ्सला (LUFS, गाणं कानाला किती मोठं लागतं त्याचं माप) आणून वाजवतात, त्याहून मोठं दिलंत तर ते खाली घेतात आणि तुमच्या हातात फक्त चेपटलेला पखवाज राहतो. उणे १४ च्या आसपास, ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात वरचं टोक, उणे १, एवढं सांगा.

चाल कोणाची, मालकी कोणाची

तुकोबांचा, ज्ञानोबांचा अभंग कोणीही गाऊ शकतो. पण त्या अभंगाला आजच्या काळातल्या एखाद्या संगीतकाराने लावलेली चाल तशी मोकळी नसते, आणि सिनेमाच्या चालीवर शब्द बसवून केलेला गजर बारीला, म्हणजे भजनाच्या सामन्यात, कितीही टाळ्या घेत असला तरी रेकॉर्ड करून अपलोड केला की यूट्यूबचं कंटेंट आयडी, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपोआप ओळखणारी यंत्रणा, तो पकडू शकतं, मग व्हिडिओचे पैसे दुसऱ्याकडे जातात नाहीतर व्हिडिओच बंद. परवानगी घ्या नाहीतर बुवांची स्वतःची चाल करा. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, त्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो आणि निर्माता म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. आता मंडळात पुढाकार सगळेच घेतात, म्हणून साध्या कागदावर का होईना लिहून काढा, गीत कोणाचं, चाल कोणाची, पैसे कोणी घातले, चॅनल कोणाच्या नावावर, आलेले पैसे कसे वाटायचे. गाणं चाललं नाही तर तो कागद कोणी बघणार नाही, पण चाललं तर पहिलं भांडण यावरूनच होतं.

स्टुडिओशी बोलताना भाव तासावर आहे की गाण्यावर, मिक्समध्ये किती वेळा बदल करून देणार आणि ट्रॅक देणार का, हे तीन प्रश्न आधीच विचारा. शेवटचा हप्ता द्यायच्या आधी आपली हार्ड डिस्क घेऊन जा आणि फक्त एमपीथ्री नाही तर वेव्ह फाईल, गाण्याविना नुसता वाद्यांचा ट्रॅक, आणि प्रत्येक माईकचा सुटा ट्रॅक, सगळे शून्यापासून सुरू होणारे, असे कॉपी करून घ्या, तिथेच उघडून वाजतात का बघा. पुढच्या वर्षी दुसऱ्या मिक्सची गरज पडली किंवा स्टुडिओ बंद झाला तरी काम अडत नाही. आणि ती डिस्क पेटीच्या बॉक्समध्ये नका ठेवू, पावसाळ्यात तिथे बुरशी येते.